भटुरे फुगत नाहीत, वर तेल पितात… काय चुकतंय?

कडकभाकरी:
पोरांना रविवारी छोले भटुरे पायजे होते म्हणून शनिवारी रात्री 10 लाच पीठ भिजवलं, व्हिडिओत दाखवलं तसंच, 2 वाट्या मैदा, दही, पाव चमचा सोडा, जरा साखर, आणि रात्रभर ओट्यावर झाकून. सकाळी बघते तर पीठ सैल, आंबूस वास, लाटायला घेतलं की पोळपाटाला चिकटतंय, आणि तेलात टाकलं की सपाट पडून राहतंय (पापड तरी कुरकुरीत असतो!). सासूबाई म्हणल्या, एवढ्या तेलात गल्लीला पुरतील एवढी भजी झाली असती. शेवटी छोले भाकरीबरोबर खाल्ले. नाष्ट्याला याहून सोपं काही असलं तर तेही सांगा.

जुळे_सोलापूरची_ताई:
अगं रात्रभर कशाला! मे महिन्यातलं सोलापूर आहे हे, दुपारी पारा चाळिशीच्या वर आणि रात्री पण किचन तापलेलंच असतं. पीठ फुगायला 2 तास बास. रात्रीच भिजवायचं तर फ्रीजमध्ये ठेव. दही ताजं घे, 2 चमचे बारीक रवा घाल म्हणजे भटुरा फुगल्यावर लगेच बसत नाही. सुकं पीठ लावून लाटू नको, ते तेलात तळाशी जाऊन जळतं, तेलाचं बोट लाव. आणि तेल नीट तापू दे, पिठाची छोटी गोळी टाकली की लगेच वर आली पायजे. थंड तेलात टाकलं की पिणारच ते.

लष्करवाला:
नोकरीपायी 4 वर्षं आग्र्याला होतो. तिकडं सकाळी नाष्ट्याला बेडमी असते, म्हणजे उडदाच्या डाळीची तळलेली पुरी, आंबवायची भानगडच नाही. वाटीभर उडदाची डाळ 4-5 तास भिजवायची, पाणी जवळजवळ न घालता जाडसर वाटायची, बडीशेप, हिंग, धणे, लाल तिखट टाकून कणकेतच मळायची. पाणी जपून घाला हं, डाळीचंच पाणी सुटतं, मी पहिल्यांदा भसकन ओतलं आणि पिठल्यासारखं झालं. पुरीपेक्षा जरा जाड लाटायची. सोबत बटाट्याची रस्सा भाजी, उकडलेले बटाटे हातानं कुस्करून, हिंग नि आमचूर टाकून, कांदा-लसूण नाही. आपल्याला पचतं का ते बघा, मी शेंगाचटणी नेलीच होती इथून!

कडकभाकरी:
दादा, डाळ सालीची चालती का? घरात तीच पडलीय.

लष्करवाला:
साल धुऊन काढा मग, वेळ जातो पण चालतं.

कडकभाकरी:
आज केली बेडमी!! 18 झाल्या, फुगल्या पण. दोन फुटल्या, डाळीचे कण मोठे राहिले होते वाटतं. सासूबाईंनी 4 खाल्ल्या आणि म्हणल्या, तिखट कमी पडलं. भटुऱ्याचं पीठ आता पुढच्या शनिवारी रात्री भिजवून फ्रीजमध्ये ठेवते, रविवारी बघते.