एमएला इंडस्ट्रियल ऑर्गनायझेशन घेऊ नका म्हणे!

शेवटचा_बाक: परवा एका महाशयांनी पोस्ट टाकलीय, 'एमए इकॉनॉमिक्सला आयओ (इंडस्ट्रियल ऑर्गनायझेशन, कंपन्या बाजारात एकमेकांशी कशा वागतात त्याचा पेपर) घेऊ नका, नुसतं कुर्नो आणि बर्ट्रांड यांची मोजक्या कंपन्यांच्या स्पर्धेची मॉडेल्स, डेरिव्हेटिव्ह काढा, शून्याला टेकवा, भारतात उपयोग काही नाही.' अहो, २०१२ मध्ये स्पर्धा आयोगाने ११ सिमेंट कंपन्यांना ६ हजार कोटींच्या वर दंड ठोकला तो काय पंचांग बघून? मोजके विक्रेते, माल सगळ्यांचा सारखाच, रोज गाठ त्यांचीच त्यांच्याशी, एकाने भाव पाडला तर उद्या बाकीचे त्याला झोपवणार या धाकावर संगनमत टिकतं, आणि हे गेम थिअरीतला रिपीटेड गेम, म्हणजे त्याच खेळाडूंचा पुन्हा पुन्हा होणारा डाव, न शिकता कसं मांडणार सांगा. याच विषयातल्या टिरोलला २०१४ चं अर्थशास्त्राचं नोबेल उगाच दिलं का?

अर्धवट_एमए: पुढचं पण सांगा की. २०१५ ला अपिलात आदेश रद्द, २०१६ ला परत दंड, परत अपील. माझ्या मामाचं बिल्डिंग मटेरियलचं दुकान आहे, सोमवारपासून गोणीमागे किती वाढणार हे त्याला शनिवारीच फोनवर कळतं. गेम थिअरीवाला नॅश कोण हे माहीत नाही त्याला, काही अडलं नाही.

शेवटचा_बाक: तो फोन हाच तर पुरावा हो! नुसते भाव एकदम वाढले म्हणून संगनमत ठरत नाही, कोळसा महागला तरी सगळ्यांचे वाढतात. तो फरक काढायलाच हा विषय आहे.

निफाडकर: सिमेंट राहू द्या, कांद्यावर बोला. बाजार समितीत ट्रॅक्टर लावला की व्यापाऱ्यांचा घोळका येतो, एक जण बोली बोलतो, बाकीचे मुठीत कांदा दाबून बघतात न् गुमान पुढच्या ट्रॅक्टरकडे. माल परत न्यायचा तर भाडं आपल्याच बोकांडी. हे आहे का सिलॅबसमध्ये?

यार्डातला_पोरगा: व्यापाऱ्याला शिव्या घालणं सोपंय. सडला तर कोणाचा सडतो? २०२३ च्या डिसेंबरात निर्यातबंदी आली, तेव्हा भाव आम्ही पाडला का?

निफाडकर: आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागल्यावर सगळ्यांनी मिळून लिलाव बंद ठेवले, ती काय स्पर्धा होती?

यार्डातला_पोरगा: तोट्यात माल घ्यायचा का मग? स्वतः या एकदा खरेदीला, खिशातले घालून!

शेवटचा_बाक: भांडताय ते बायर पॉवरवरच, म्हणजे मोजक्या खरेदीदारांच्या भाव ठरवण्याच्या ताकदीवर. चाललाय की आयओचाच तास.

निफाडकर: तास घ्या तुम्ही, क्विंटलमागे दोन रुपये वाढले की कळवा.

जुना_टीवायबीए: आमच्या वेळी औद्योगिक अर्थशास्त्र म्हणजे कारखाना कुठे काढावा यावरचा वेबरचा त्रिकोण आणि सार्जंट फ्लॉरेन्स, १९५६ चं औद्योगिक धोरण, १९९१ चं धोरण, बस्स. झेरॉक्सवाल्याकडच्या नोट्सवर पास झालो, गेम थिअरी औषधालाही नाही.

पोस्टवाला_महाशय: बरं बाबा, उपयोग आहे, जिंकलात. आता आमच्या कॉलेजात या. तासिका तत्त्वावरचे सर दिवाळीनंतर आलेच नाहीत, कुर्नोचा रिअ‍ॅक्शन कर्व्ह (एकाच्या उत्पादनावर दुसरा किती काढेल ती रेघ) फळ्यावर अर्धाच राहिलाय आणि पेपर तोंडावर आलाय. पब्लिक फायनान्सला निदान गाइड मिळतं, मी तेच घेतोय.