'रोधक पेप्टाइड' : नेमकं कोणाला रोधणारं?

प्रश्न : सोडियम-पोटॅशियम पंपावरच्या (पेशीतून सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणाऱ्या प्रथिनावरच्या) एका लेखाचं भाषांतर करते आहे. त्यात 'ब्लॉकिंग पेप्टाइड' (पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी) पुन्हा पुन्हा येतं. मी 'पंपाचं कृत्रिम रोधक पेप्टाइड' असं लिहिलं. वाचणाऱ्याने लगेच विचारलं, "म्हणजे याने पंप बंद पडतो का?" पडत नाही. मग शब्द चुकला का?

उत्तर : चुकला नाही, अर्धा राहिला. जलरोधक, अग्निरोधक, गतिरोधक ही आपली जुनी घडण पाहा. काय अडवायचं ते आधी येतं, 'रोधक' मागून. नुसतं 'रोधक' लिहिलं की वाचक जवळचं नाम उचलतो, आणि तुमच्या वाक्यात जवळ पंपच आहे.

प्रत्यक्षात अडतं ते प्रतिपिंड (अँटिबॉडी), म्हणजे नमुन्यातलं ठरावीक प्रथिन शोधून त्याला धरणारं प्रथिन. ते तयार करताना पंपाच्या प्रथिनाचा जो तुकडा वापरला, बहुधा 10 ते 20 अमिनो आम्लांचा, तोच पुन्हा जोडून घेतात आणि नमुन्यावर टाकण्याआधी प्रतिपिंडात अनेक पट जास्त मिसळतात. प्रतिपिंडाच्या पकडी त्यातच गुंतून पडतात, मग वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पटलावर उतरवायची आणि प्रतिपिंडाने ओळखायची, ती चाचणी) पट्टा उमटत नाही. पंपाला खरोखर थांबवतं ते उआबेन हे वनस्पतीतलं विष, 'पंपरोधक' हे नाव त्याला शोभतं. इथे 'प्रतिपिंडरोधक पेप्टाइड' म्हणा.

त्याच लेखात दुधाच्या पावडरीने ब्लॉट 'ब्लॉक' करण्याची पायरीही असेल. तिथे रोधन नको. पटलावरच्या रिकाम्या जागा झाकणं एवढंच ते काम आहे, तर 'झाकणं' पुरे.

आणखी एक : 'कृत्रिम'ही बदला. त्यातून नकलीपणाचा वास येतो, आणि इथे तर अमिनो आम्लांचा क्रम मूळ प्रथिनातलाच असतो. 'संश्लेषित' बरं.

प्रश्न : 'विशिष्टता तपासणारं पेप्टाइड', म्हणजे प्रतिपिंड हव्या त्याच प्रथिनाला धरतं का हे पाहणारं, कसं वाटतं? अर्थ लगेच कळतो.

उत्तर : कळतो, पण जास्तीचा कळतो, म्हणून माझा त्याला ठाम विरोध आहे. पट्टा गेला म्हणजे प्रतिपिंड त्या तुकड्याला धरणाऱ्या पकडीनेच चिकटत होतं, इतकंच ठरतं. या पंपाच्या अल्फा घटकाचे 4 प्रकार आहेत आणि त्यांचे क्रम बरेच जुळतात. प्रतिपिंड भलत्याच प्रकाराला धरत असेल, तरी पकड तीच, म्हणून तोही पट्टा जाणार. ज्या पेशींतून त्या प्रथिनाचं जनुकच काढलं आहे, त्यांच्याशी ताडून पाहणं हा जास्त भक्कम पुरावा. नावातच 'विशिष्टता' घातली, तर वाचक ती सिद्ध झाली असं धरून चालेल.

प्रश्नकर्ती : पटलं. वाक्य आता असं केलं आहे : 'प्रतिपिंड आधी संश्लेषित प्रतिपिंडरोधक पेप्टाइडात मिसळून ठेवलं, तेव्हा पंपाच्या जागचा पट्टा उमटला नाही.' 'पंपाचं' हा शब्द पेप्टाइडापासून तोडला आहे.