अनुभव धागा : कोकणात वेळ कशी गाठायची?

जलदुर्ग, कातळशिल्पं, जत्रा. पत्ता सगळ्यांना सापडतो, वेळ चुकते. पक्कं ठाऊक असेल तेवढंच लिहा, प्रवासवर्णनं नकोत.

*

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो. त्यासाठी तिथीची पाऊणकी: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ४ × पाऊण = ३, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती; त्यानंतर सव्वासहा तासांनी, सव्वानऊला ओहोटी. शुद्ध-वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रकही बघाच. घोळ होतो तो इथे: लोक ओहोटीच्या वेळेला निघतात, नि किल्ला पाहून होईस्तोवर वाटेवर पाणी चढलेलं असतं. तासभर आधी उतरा, ओहोटीनंतर तासाभरात किनाऱ्याला या.

*

पाऊणकी बरोबर, पण ती वेळ सांगते, पाणी किती उतरेल ते नाही. अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, पाणी फारसं उतरत नाही; हिशेबाने ओहोटी दुपारी बाराला येते, तरी पाण्यातूनच जावं लागतं. कोरडी वाट हवी तर अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस धरा, सकाळी साडेसात-आठला.

गेलात की तट जवळून बघा. मोठाले चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाट फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. मुरुडच्या पद्मदुर्गावर उलटा प्रकार: दगड झिजलाय, मधला चुना शाबूत!

*

सिंधुदुर्ग (१६६४–६७) आणि जंजिऱ्याला होडीच लागते, आणि पावसाळ्यात ती बंद. राजपुरीहून जंजिऱ्याला नेणारे होडीवाले किल्ल्यावर मोजकाच वेळ देतात. आधी कलालबांगडी तोफ नि तट बघून घ्या.

*

कातळशिल्पं भर दुपारी बघू नका. जांभ्यातली खोदाई उथळ असते, ऊन डोक्यावर आलं की रेषाच दिसेनाशा होतात. सकाळचं किंवा कलतं ऊन हवं, तेव्हा खाचेत सावली पडते. पावसाळ्यानंतर सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, गवत वाळेपर्यंत थांबा. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटरचा, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले. एका जागी उभं राहून कळत नाही, कडेने फेरी मारा. फोटोसाठी रेषांत खडू भरणारे भेटतात, त्यांना तिथल्या तिथे थांबवा.

*

आंगणेवाडीची जत्रा ठरावीक तिथीला नसते, देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. गेल्या वर्षीच्या तारखेवर गाडीचं आरक्षण करू नका.