मदत हवी आहे: जुनी रॅले सायकल, २७ इंची चाकं. घेऊ की सोडू?

जुळे सोलापुरात एकांकडे जुनी रॅले रोड सायकल आहे. दहा गिअर, खटके खालच्या तिरक्या दांडीवर. ९,००० मागतायत. माझं बजेट दुरुस्तीसकट १५,०००. रोज दहा किमी आणि महिन्यातून एकदा तुळजापूर, एवढाच वापर. (नवीन हायब्रिड सुचवू नका, ते घरचे सुचवतातच.)

लोहचुंबक चिकटतं, म्हणजे फ्रेम स्टीलचीच. जोडांवर तडा नाही, हँडल सोडलं तरी सरळ चालते. सीटचा दांडा मात्र रुतलाय. मालकांना विचारून दोन दिवस तेल सोडलं, तसूभर हलला नाही. नशिबाने उंची मला बरोबर आहे.

घोडं अडलंय टायरपाशी. त्यावर २७ × १ १/४ लिहिलंय, म्हणजे टायर बसतो तिथे रिमचा व्यास ६३० मिमी. रबर पार तडकलंय. मिस्त्री म्हणतो, "अठ्ठावीसचं टाकू की ओ!" पण आपल्या साध्या सायकलचं २८ × १ १/२ हे ६३५चं, ते सैल पडणार. ७००सी, म्हणजे हल्लीच्या रोड सायकलचं माप, ६२२चं; त्याला रिमच बदलावी लागेल. ती रिम लहान, म्हणून ब्रेकचे रबर ४ मिमी खाली यायला हवेत. पट्टीने मोजलं, ६ मिमी जागा आहे. फ्रेममध्ये मागचं चाक बसतं ती जागा मात्र १२० मिमी रुंद, आणि हल्लीची हब (चाकाचा मधला भाग) १३०ची.

२७चे टायर पुण्या-मुंबईत कुठे मिळतात का? नसतील तर जुन्याच हबवर ७००सी रिम विणून घेऊ, की फ्रेम १० मिमी फाकवून नवीन चाक बसवू? ६,०००त कोणतं भागेल?