पॅरानॉइड म्हणजे संशयी? मग गाण्यात संशय कुठाय?

रिफवेडा: मंडळी, भाचीला ब्लॅक सबाथ या ब्रिटिश रॉक बँडच्या 'पॅरानॉइड' गाण्याचा अर्थ सांगायला बसलो आणि अडकलो. 'संशयी' म्हटलं तर म्हणते, मामा यात कोण कोणावर संशय घेतंय? पुन्हा ऐकलं, खरंच कोणीच घेत नाही. मग मराठी शब्द कोणता?

खर्ज: बरोबर पकडलंय पोरीने. तो शब्द अख्ख्या गाण्यात एकदाही येत नाही, फक्त नावात आहे. १९७० ला अल्बम भरायला तीनेक मिनिटांचं एक गाणं कमी पडत होतं म्हणून गिटारवाल्या टोनी आयोमीने बसल्या बसल्या रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) काढला आणि बेसवाल्या गीझर बटलरने झटपट शब्द लिहिले, आणि तेच गाणं ब्रिटनमध्ये चौथ्या नंबरला गेलं, अल्बमचं 'वॉर पिग्ज' नाव बदलून हेच ठेवलं (कव्हरवर मात्र तो ढाल-तलवारवाला तसाच राहिला). बटलरने नंतर स्वतःच सांगितलं की लिहायचं होतं डिप्रेशनवर, डिप्रेशन आणि पॅरानॉइड यांतला फरक तेव्हा माहीत नव्हता.

म्हणून इथे 'शंकेखोर' नको, तो स्वभाव झाला. मानसशास्त्रातला 'संविभ्रम' पण नको, त्यात लोक आपल्या वाइटावर आहेत असं पक्कं वाटत असतं. गाण्यातला माणूस म्हणतोय की कशातच मन लागत नाही. माझा एक रूममेट असाच होता, डबा न उघडता परत जायचा, विचारलं की 'काही नाही रे, मन लागत नाहीये' एवढंच, आणि आम्ही त्याला आळशी समजायचो. अजून वाईट वाटतं त्याचं.

ओसरी: थोडी भर घालते. मूळ ग्रीक शब्दात 'पॅरा' म्हणजे बाजूला आणि 'नूस' म्हणजे मन. मन जागचं हललेलं. आपल्याकडे 'मन थाऱ्यावर नाही' म्हणतात ते जवळजवळ हेच की! म्हणजे बटलरचा शब्द आजच्या अर्थाने चुकला तरी मुळाशी धरून आहे.

खर्ज: वा, 'थाऱ्यावर नाही' फिट बसतंय. 'मन लागत नाही'पेक्षाही चांगलं, त्यात ती सैरभैर घाई आहे जी रिफमध्ये ऐकू येते.

रिफवेडा: ठरलं मग, 'मन थाऱ्यावर नाही'. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर बँडचा गायक ऑझी सिंहासनावर बसून गायला, शेवटचं गाणं हेच होतं, आणि २२ तारखेला तो वारला. तो व्हिडिओ बघूनच भाचीला हे गाणं लागलंय. आत्ताच फोन केला तिला, म्हणाली आजी रोज म्हणते तेच ना हे.