मदत हवी आहे: आजोबांच्या ट्रंकेतलं 'मे वेस्ट' आणि रेशमी नकाशा कसा जपू?

नमस्कार मंडळी,

दिवाळीत वाईच्या घराचा माळा आवरताना आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. आजोबा १९४४ साली इम्फाळला हवाई दलाच्या एक नंबर स्क्वाड्रनमध्ये होते. वैमानिक नव्हेत, पॅराशूट विभागात. पॅराशूट वाळवणं, तपासणं आणि परत घडी घालणं हे त्यांचं काम. विमानं हरिकेन, प्रमुख अर्जन सिंग. आपण घातलेली घडी कोणाला उघडायची वेळ येऊ नये असं रोज वाटायचं, एवढंच ते सांगत. बाकी युद्धाचा विषय घरात कधी निघालाच नाही.

ट्रंकेत वर होतं पिवळं, बिनबाह्यांचं जाकीट. समुद्रात किंवा नदीत पडल्यावर वैमानिकाला तरंगत ठेवणारं, त्याच नावाच्या नटीवरून ज्याला सगळे 'मे वेस्ट' म्हणत ते. आतल्या फुग्याचं रबर एका बाजूला चिकट झालंय, दुसरीकडे पापडासारखं कडक. कापडावर मुकुट आणि ए. एम. (एअर मिनिस्ट्री, म्हणजे ब्रिटनचं हवाई मंत्रालय) असा शिक्का, त्याखाली '२२सी'ने सुरू होणारा क्रमांक. १९३२च्या नमुन्यात हवा तोंडाने फुंकावी लागे, १९४१च्या नमुन्यात कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर आला, असं वाचलं. या जाकिटात सिलिंडर आहे.

त्याखाली मलमलीत गुंडाळलेला ब्रह्मदेशाचा नकाशा. रेशमी, दोन्ही बाजूंनी छापलेला. चिंदविन नदी बोटाने शोधली आणि अंगावर काटा आला. तिच्या पलीकडे विमान पडलं तर परत यायला हाच आधार. उलगडताना आवाज होत नाही, मुठीत मावतो. सोबत आणखी एक रेशमी तुकडा आहे, त्यावर बऱ्याच लिप्यांत मजकूर. त्यातली बंगाली शेजारच्या काकूंकडून वाचून घेतली: मी मित्रराष्ट्रांचा सैनिक आहे, तुम्हाला त्रास द्यायला आलो नाही, मदत केलीत तर जपानी गेल्यावर सरकार बक्षीस देईल.

आता चूक सांगतो. नकाशाचा एक कोपरा ओल्या फडक्याने पुसला. शाई फुटली नाही, पण घडीवर रेशीम बोटभर उसवलं. तेव्हापासून हात लावायचा धीर होत नाही.

रबराचं काय करू? सिलिंडर काढू का? नकाशा फ्रेम करून दिवाणखान्यात लावावा असं आईला वाटतं, ते योग्य होईल का? आणि एक: या वस्तूंनी इतकं झपाटलं की पुण्याच्या जुन्या बाजारातून बटणाएवढं पितळी होकायंत्र विकत घेतलं. विक्रेता म्हणाला, युद्धातलं आहे, रेडियम लावलेलं आहे. खरं कसं ओळखायचं? पुढेही असा संग्रह वाढवायची इच्छा आहे, म्हणून नीट शिकायचंय.

प्रतिसाद १

शाई फुटली नाही कारण ती फुटू नये म्हणूनच बनवली होती. शत्रूच्या मुलखात अडकलेल्या सैनिकांना निसटायला मदत करणाऱ्या ब्रिटनच्या एमआय-९ या विभागात क्रिस्टोफर क्लेटन हटन होते, त्यांनी शाईत पेक्टिन मिसळून रेशमावर स्वच्छ छपाई साधली. जॅम घट्ट होतो ते हेच पेक्टिन. पण ऐंशी वर्षांचं रेशीम घडीवरच तुटतं, म्हणून पुन्हा घडी नको, पाणी नको, इस्त्री तर नकोच. आम्लरहित कागद लावलेल्या जाड नळीवर सैलसर गुंडाळा, वरून धुतलेलं सुती कापड. प्लास्टिकची पिशवी नको, वाईच्या पावसाळ्यात आत बुरशी धरेल. फ्रेमबद्दल आईंना समजवा: उजेडाने रंग उडतो आणि रेशीमही जीर्ण होतं. मूळ नकाशाचा चांगला फोटो मोठा छापून फ्रेम करा, भिंतीवर तो लावा. उसवलेला भाग स्वतः शिवू नका, चिकटपट्टी तर अजिबात नको.

प्रतिसाद २

सिलिंडरला हात लावू नका, त्याची कळ ओढू नका. तो भरलेला असू शकतो. अग्निशमन उपकरणांचं काम करणाऱ्या माणसाला दाखवा. रबर परत मऊ होत नाही. तेल किंवा पावडर चोळू नका, जाकीट फुगवून तर बघूच नका. आडवं ठेवा, आत आम्लरहित कागदाचे बोळे भरा म्हणजे चिकट बाजू एकमेकींना लागणार नाहीत.

होकायंत्राची काच उघडू नका. रेडियम चमकायचं थांबलं म्हणजे संपलं असं नाही. झिजते ती त्यातली चमकणारी झिंक सल्फाइडची भुकटी. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. हवेशीर जागी, मुलांपासून लांब ठेवा. खरं की खोटं हे फोटोशिवाय सांगता येणार नाही, पण जुनाट दिसणारी पितळी होकायंत्रं आपल्याकडे नवी बनतात, रुडकीत तर भरपूर. युद्धात सैनिक अंगावर लपवून नेत त्या खऱ्या छुप्या होकायंत्रांवर सहसा झगमगीत नक्षी नसते, 'रॉयल एअर फोर्स' असं ठळक कोरलेलं नसतं. लपवायच्या वस्तूवर नाव कोण घालेल?

अजून एक. पुढे कधी सीलबंद प्रथमोपचार डबी मिळाली तर उघडू नका, त्यात मॉर्फीन असू शकतं आणि ते बाळगणं १९८५च्या अंमली पदार्थ कायद्यात बसतं. सिग्नलची काडतुसंही विकत घेऊ नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. होकायंत्रावर 'रॉयल एअर फोर्स १९४१' असं ठळक कोरलेलं आहे. वाईट वाटलं, पण कळलं. नकाशा आज रात्रीच गुंडाळतो. पुण्यात किंवा मुंबईत जुनं कापड दुरुस्त करणारे कोणी जाणकार माहीत असतील तर कृपया सांगा, तो बोटभर चिरलेला कोपरा मला असाच सोडायचा नाही.