वायुदूत ते अलायन्स एअर: लहान शहरांची विमानसेवा सारखी का बदलत राहिली?

कातळसडा (प्रश्न)

वायुदूत बंद पडली आणि तिचंच नाव पुढे अलायन्स एअर झालं, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. पण सालं जुळत नाहीत. मध्ये काही वर्षं विमानांवर ‘एअर इंडिया रीजनल’ असंही नाव होतं. टाटांनी एअर इंडिया घेतली तेव्हा ही कंपनी त्यांच्याकडे का गेली नाही?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. लहान शहरांचे मार्ग गाजावाजा करून सुरू होतात आणि दोन-तीन वर्षांत बंद पडतात. प्रवासी मिळत नाहीत एवढंच कारण असतं का? एखादा मार्ग टिकणार की नाही, हे आधी ओळखता येतं का?

टर्बोप्रॉप

वायुदूत आणि अलायन्स या दोन वेगळ्या कंपन्या. एकीची दुसरी झालेली नाही.

वायुदूत २६ जानेवारी १९८१ ला सुरू झाली. इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया यांची ती संयुक्त कंपनी होती आणि मूळ उद्देश ईशान्य भारत जोडण्याचा होता. सुरुवातीला फॉकर एफ-२७, पुढे एचएएलच्या (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) कानपूर कारखान्यात परवान्याखाली बनलेली १९ आसनी डॉर्नियर २२८. हे विमान आखूड धावपट्टीवर उत्तम चालतं, पण त्याच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नाही. त्यामुळे प्रवासी घेऊन साधारण दहा हजार फुटांच्या खालीच राहावं लागतं. पावसाळ्यात मोठी विमानं ढगांच्या वरून जातात, याला ढगांतून किंवा वळसा घालून जावं लागतं. उशीर आणि रद्द फेऱ्या तिथूनच सुरू होतात. शिवाय दोन वैमानिक, देखभाल, विमानतळावरची माणसं यांचा खर्च १९ तिकिटांवर वाटायचा. तोटा वाढत गेला आणि १९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

अलायन्सची मूळ कंपनी एअरलाइन अलाइड सर्व्हिसेस लिमिटेड १९८३ पासून कागदावर होती. ‘अलायन्स एअर’ नावाने ती १९९६ मध्ये उडू लागली, तीही प्रादेशिक सेवा म्हणून नव्हे. इंडियन एअरलाइन्सची जुनी बोइंग ७३७-२०० तिच्याकडे दिली होती. १७ जुलै २००० च्या पाटण्याच्या अपघातात ६० जणांचा जीव गेला, त्यांत जमिनीवरचे ५ होते. ते विमानही ७३७-२०० च होतं. तिची आजची ओळख एटीआर ही पंख्याची लहान प्रवासी विमानं आल्यावर घडली: आधी ४२-३२०, मग २०१४ पासून ७० आसनी ७२-६००. एअर इंडिया रीजनल हे मधल्या काळातलं नाव, २०१७ मध्ये पुन्हा अलायन्स.

टाटांना २७ जानेवारी २०२२ ला मिळाली ती एअर इंडिया, एअर इंडिया एक्स्प्रेस आणि विमानतळावरची कामं सांभाळणाऱ्या (ग्राउंड हँडलिंग) कंपनीतला अर्धा हिस्सा. अलायन्स सरकारच्या एआय अ‍ॅसेट्स होल्डिंगकडे राहिली आणि १५ एप्रिल २०२२ पासून स्वतःच्या ९आय कोडवर उडते. प्रवाशाने लक्षात ठेवायचं ते हे: अलायन्स आणि पुढच्या विमानाची तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पहिल्या विमानाला उशीर झाल्यावर दुसरी कंपनी जबाबदार नसते. मधे तीन तास तरी ठेवा.

शेपूटदार

इतिहास नेमका मांडलात. विमानाच्या निवडीबद्दल थोडी भर घालतो, कारण लहान शहरांत एटीआरच का दिसतं याचं उत्तर बरंचसं करात आहे. ४० हजार किलोंपेक्षा कमी उड्डाण वजनाच्या, ठरल्या वेळापत्रकाने उडणाऱ्या (शेड्यूल्ड) विमानांचं इंधन केंद्रीय विक्रीकर कायद्यात ‘घोषित माल’ आहे, म्हणून त्यावर राज्याला ४-५ टक्क्यांपलीकडे कर लावता येत नाही. मोठ्या जेटला मात्र काही राज्यांत २० टक्क्यांच्या वर व्हॅट पडत आलाय. ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना लँडिंग शुल्कही माफ असतं. एटीआर ७२ चं कमाल उड्डाण वजन २३ टन, म्हणजे दोन्ही सवलती मिळतात.

यंत्रातही सोय आहे. एटीआरला शेपटीत वेगळं एपीयू (जमिनीवर वीज आणि हवा पुरवणारं छोटं इंजिन) नसतं. उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून धरतात आणि इंजिन चालूच ठेवतात, याला ‘हॉटेल मोड’ म्हणतात. वीज आणि एसी त्यावर चालतात, म्हणून लहान विमानतळावर पॉवर युनिट नसलं तरी अडत नाही. मागच्या दाराचाच जिना होतो, शिडीची गाडी लागत नाही. प्रवासी डावीकडून चढतात, म्हणूनच उजवं इंजिन चालू ठेवता येतं.

अडतं ते वजनावर. सिमल्याची धावपट्टी सुमारे १२०० मीटर, उंची पाच हजार फूट. पातळ हवेत पंख आणि इंजिन दोन्ही कमी देतात, म्हणून ४८ आसनी एटीआर ४२-६०० तिथून निघताना क्षमतेपेक्षा बरेच कमी प्रवासी नेत असे. मागणी असूनही आसनं रिकामी राहतात! लहान विमानतळावर इंधन मिळत नसेल तर परतीचं इंधनही येतानाच भरून आणावं लागतं, त्याचं वजन पुन्हा प्रवाशांतूनच वजा.

ओझरची_वाट

तीन वर्षांत मार्ग बंद पडण्यामागे उडान या लहान शहरांना विमानाने जोडण्याच्या सरकारी योजनेची रचना आहे. योजना ऑक्टोबर २०१६ ची, पहिली उड्डाणं २७ एप्रिल २०१७ ला: अलायन्सचं सिमला–दिल्ली, ट्रूजेटचं नांदेड–हैदराबाद आणि कडप्पा–हैदराबाद. मूळ योजनेत साधारण तासाभराच्या प्रवासाला भाड्याची २,५०० रुपयांची मर्यादा होती, तीही निम्म्या आसनांवर. त्या आसनांची तूट व्हीजीएफमधून (व्हायेबिलिटी गॅप फंडिंग, म्हणजे तूट भरण्याची मदत) भरून देतात. त्यात राज्याचा वाटा २० टक्के, ईशान्येत १०. बाकी पैसा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर बसवलेल्या शुल्कातून येतो. ही मदत आणि त्या मार्गावरची मक्तेदारी दोन्ही तीन वर्षांपुरती.

कॅगच्या २०२३ च्या अहवालात योजनेच्या बोलीच्या तिसऱ्या फेरीपर्यंतच्या ७७४ मार्गांचा हिशेब आहे. सुरू झाले ३७१, तीन वर्षं पूर्ण केली ११२ नी आणि मार्च २०२३ पर्यंत त्यापुढे टिकले ५४. सगळा दोष कंपन्यांवर टाकणं मला पटत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये नव्याने सुरू झालेल्या एअर डेक्कनने १९ आसनी बीचक्राफ्टवर नाशिक आणि जळगाव मुंबईला जोडले. पण मुंबईची मुख्य धावपट्टी तासाला ४६ च्या आसपास विमानं हाताळते. तिथे हव्या वेळेचा स्लॉट (उतरण्या-उडण्याची राखीव वेळ) मिळवणं हाच मोठा तिढा होता. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येत नसेल तर व्यापारी आपली गाडीच काढतो.

कातळसडा

धन्यवाद, बराच उलगडा झाला. म्हणजे २००३ ची एअर डेक्कनही अशीच संपली का?

टर्बोप्रॉप

नाही. ती प्रवासी नव्हते म्हणून संपली नाही. तेव्हा परदेशी उड्डाणासाठी पाच वर्षांचा अनुभव आणि २० विमानं लागायची. किंगफिशर २००५ ची, डेक्कन ऑगस्ट २००३ ची. दोन्हींच्या विलीनीकरणामुळे किंगफिशरला ती पाच वर्षं २००८ मध्येच मिळाली आणि त्याच सप्टेंबरात बेंगळुरू–लंडन सुरू झालं. डेक्कनचं नाव ‘किंगफिशर रेड’ झालं आणि पुढे तेही बंद केलं गेलं.

मार्ग टिकेल का, यासाठी मी आधी विमान रात्री कुठे मुक्कामाला असतं ते बघतो. एकच एटीआर दिवसभर चार-पाच फेऱ्या करतं, सकाळचा वीस मिनिटांचा उशीर संध्याकाळपर्यंत दीड तास होतो. शेवटची फेरी तुमच्या शहराची असेल आणि तिथे रात्रीचे दिवे नसतील, तर सूर्यास्त झाला की ती रद्द. उपकरणांच्या मदतीने उतरण्याची पद्धत नसेल तर किमान ५ किलोमीटर दृश्यमानता लागते, म्हणजे जुलै-ऑगस्टचं वेळापत्रक कागदावरच. मग आठवड्यातले दिवस बघा. तीनच असतील तर कामासाठी प्रवास करणाऱ्यांची तिकिटं फारशी निघत नाहीत.

ओझरची_वाट

त्यात एवढंच जोडा: मार्ग सुरू झाल्याची तारीख काढून त्यात तीन वर्षं मिळवा. त्या तारखेनंतरच्या महिन्यांचं बुकिंग कंपनीच्या साइटवर उघडलेलं नसेल, तर परतीचं तिकीट रेल्वेचंही काढून ठेवा.